पायाकडची बाजू

चाळीस सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम सोळा इंचांची गोधडी कुणाच्याच अंगाला पुरत नाही. तान्हं बाळ गुंडाळावं तर पाय बाहेर, मांजर बसवावं तर शेपूट जमिनीवर. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं सांगणाऱ्या पूर्वजांनी इतकं तोकडं अंथरूण पाहिलेलं नसणार. मी ती शिवायला घेतली तेव्हापासून घरी येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, "कुणासाठी?" भिंतीसाठी, असं म्हटलं की पाहुणा आधी भिंतीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग पाऊसपाण्याचा विषय काढायचा. भिंतीला थंडी वाजत नाही, हे तोंडावर सांगायला लागणारी जवळीक फक्त नवऱ्यापाशी होती. त्यानेही ते सौम्य करून सांगितलं, "मिक्सरवर घालायला बरी होईल."

मला अमूर्त चित्र शिवायचं होतं. बघण्याचा अभ्यास माझा पूर्वीच झालेला आहे. प्रदर्शनात रंगीत चौकोनासमोर हाताची घडी घालून उभं राहायचं, मान किंचित तिरकी करायची, आणि शेजारचा माणूस पुढे सरकल्याशिवाय आपण सरकायचं नाही, एवढं केलं की अमूर्त कला समजते. शिवायला बसलं की मात्र तिरक्या मानेवर भागत नाही. चौकोन केवढा, तो कुठे आणि कशाला लागून, याचं उत्तर कात्री हातात घेण्याआधी द्यावं लागतं.

पहिल्यांदा अर्थातच रझा आठवले. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून पॅरिसला गेलेले आणि तिथे बसून बिंदू काढणारे. पण बिंदू पडला गोल, आणि कापडाला गोलाचा मनापासून तिटकारा. गोल कापला की त्याच्या काठाचा बराच भाग उरेब जातो, ताणला की लांबतो, दुमडला की चुण्या पडतात आणि बिंदूला टेंगळं येतात. गायतोंडे त्याहून कठीण. त्यांच्या चित्रात एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेच सापडत नाही. शिवण घालायची कुठे? मोंद्रियान सोपा होता, पण त्याच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकटींचे १९६५ साली इव्ह सँ लोराँने झगे शिवले, आणि तेव्हापासून त्याच्या छत्र्या, मोजे, चहाचे मग असं सगळं होऊन गेलंय. त्यात आपण आणखी काय भर घालणार! असं करत करत शिवणकामवाल्या बाईला परवडेल असा एकच चित्रकार उरला, योसेफ अल्बर्स.

हा जर्मनीतल्या बोट्रोप गावचा, घरं रंगवणाऱ्या बापाचा मुलगा. बाउहाउस या कलाशाळेत शिकला, तिथेच शिकवायला लागला. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं तेव्हा बायको ॲनी हिच्यासह अमेरिकेला गेला. साठी उलटल्यावर, म्हणजे आपल्याकडे माणूस सकाळच्या हास्यक्लबात दाखल होतो त्या वयात, १९५० साली त्याने चौकोनात चौकोन आणि त्यात पुन्हा चौकोन अशी चित्रं काढायला घेतली, आणि १९७६ साली मरेपर्यंत काढत राहिला. हजाराच्या वर. मालिकेचं नाव 'होमेज टू द स्क्वेअर'. रंग तेवढे बदलायचे, मांडणी ठरलेली.

त्या मांडणीतच सगळी खोच आहे. अल्बर्सचे चौकोन बरोबर मधोमध बसत नाहीत. एकात एक असले तरी सगळे खाली सरकलेले असतात. दोन चौकोनांमधलं अंतर खाली जितकं, त्याच्या दुप्पट बाजूंना आणि तिप्पट वर. चित्राची बाजू दहा घरांची धरायची, की आतले चौकोन आठ, सहा आणि चार घरांचे होतात. मी घर धरलं चार सेंटिमीटरचं. म्हणजे चौकोन चाळीस, बत्तीस, चोवीस आणि सोळा. खाली दोन सोडायचे, बाजूंना चार, वर सहा. इंचांत हाच हिशेब केला तर एक पूर्णांक सहा दशांश असले आकडे येतात, आणि शिंप्याच्या टेपवर दशांश नसतात. सेंटिमीटरच्या बाजूने टेप उलटी केली आणि अल्बर्स मुकाट सरळ झाला. कापताना प्रत्येक चौकोनाला चहूकडून अर्धा सेंटिमीटर माया सोडली. ती अल्बर्सच्या हिशेबात नाही. रंगाला माया लागत नाही.

रंग घ्यायला मॅचिंग सेंटर. ज्यांना रंगशास्त्र शिकायचंय त्यांनी महागडी पुस्तकं घेण्याआधी पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या मॅचिंग सेंटरमध्ये तासभर उभं राहावं, असं माझं मत आहे. टू बाय टू रुबियाचे तागे जमिनीपासून छतापर्यंत लावलेले. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, चिंतामणी, मोरपंखी, पोपटी, अबोली, गुलबक्षी, श्रीखंडी, मोतिया. अर्धं दुकान फुलबागेतून आलेलं आणि अर्धं स्वयंपाकघरातून. काउंटरमागचा माणूस न बघता हात वर करतो आणि हवी ती छटा काढतो. पण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "साडी आणलीय का?"

साडी नव्हती. मी मोबाइलवरचं अल्बर्सचं चित्र पुढे केलं. त्याने ते दोन बोटांनी मोठं केलं, ब्लाउजचा गळा शोधला, सापडला नाही. मग शांतपणे म्हणाला, "ताई, एकटा रंग बघून नका घेऊ. कशाशी जाणार ते सांगा."

अल्बर्सने हेच सांगण्यासाठी 'इंटरॅक्शन ऑफ कलर' नावाचं पुस्तक लिहिलं, १९६३ साली. रंगाला स्वतःचं असं रूप नसतं, शेजार बदलला की तो बदलतो. विद्यार्थ्यांना तो ब्रश धरू द्यायचा नाही, रंगीत कागदाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवायला लावायचा. आमच्या दुकानदाराने कागदाऐवजी तागा वापरला एवढंच. मी राखी रंग मागितला होता. त्याने राखीची एक घडी लिंबू रंगाच्या ताग्यावर टाकली आणि तीच आमसुलीवर. लिंबावर ती निळसर काळपट झाली आणि आमसुलीवर फिकी पडून किंचित हिरवी मारायला लागली. एकाच ताग्याचं कापड! मी दोन्ही टोकं उचलून पुन्हा पुन्हा ठेवून पाहिली. मागच्या बाईंना फॉल हवा होता, त्या दोनदा खाकरल्या.

या प्रकाराचं शास्त्रही मुळात कापडाच्याच तक्रारीतून निघालंय. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत. तिथे मिशेल-युजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग मरतुकडा दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळा तपासला, रंगात खोट नव्हती. काळ्याला मारत होते त्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे. त्यावरून त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला, चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला, आणि शेव्हरल १०२ वर्षं जगला. काल दुकानात वेगळा दिसत होता, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना आमचा दुकानदारही रोज तोंड देतो. तो मात्र ग्रंथ लिहीत नाही, "बाहेर उजेडात बघा" म्हणतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो.

शेवटी बाहेर आमसुली, आत डाळिंबी, त्याच्या आत अबोली आणि पोटात राखी असं ठरलं. अबोलीच्या शेजाराने राखी चक्क निळा दिसतो. माझ्या गोधडीत निळ्या कापडाचा धागाही नाही, पण बघणारा प्रत्येकजण मधल्या निळ्याची स्तुती करतो आणि मी ती निमूट ऐकून घेते.

आता कापणं. रुबियावर खडूने रेघ मारून कापलं की चौकोन कागदावर बरोबर आणि कापडावर तिरका येतो, कारण कापड खडूचं ऐकत नाही, धाग्याचं ऐकतं. म्हणून धागा ओढायचा. काठाला छोटी चीर द्यायची, सुईच्या टोकाने एकच आडवा धागा उचलायचा आणि हळूहळू खेचत जायचं. कापड त्या धाग्यावर गोळा होत जातं, मध्येच धागा तुटतो, तुटलेलं टोक शोधायला चष्मा पुसावा लागतो, पुन्हा खेचायचं. धागा निघून गेला की कापडात एक बारीक, पारदर्शक रेघ उरते, केसाएवढी. त्या रेघेवरून कात्री चालवली की जी सरळ कड मिळते ती कुठल्या पट्टीने मिळणार नाही. विणणाऱ्याने उभा-आडवा धागा घातला तेव्हाच काटकोन तयार झालेला असतो. भूमितीवाल्या चित्रकारांचा थाट कितीही असो, सरळ रेघ आणि काटकोन माणसाच्या हाताला मागावर बसलेले आहेत. अल्बर्सच्या घरात हे बायकोला अधिक ठाऊक असणार. बाउहाउसमध्ये मुलींना बहुतेक विणकामाकडेच वळवत, ॲनीही तिथे गेली ती हौसेने नव्हे. पण पुढे १९४९ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात तिच्या कापडांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, आणि विणकराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळाला. नवऱ्याचे चौकोन तेव्हा सुरूही व्हायचे होते.

चौकोन जोडायचे दोन मार्ग होते. अमेरिकेतल्या गोधडीवाल्या बायका मधला तुकडा घेऊन त्याच्या भोवती पट्ट्या जोडत जातात. काम सफाईदार होतं, पण प्रत्येक कोपऱ्यात सांधा दिसतो, आणि अल्बर्सच्या कोपऱ्यात सांधा नाही. दुसरा मार्ग आपला जुना, ठिगळाचा. मोठ्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून माया आत दुमडायची, इस्त्री फिरवायची, पुठ्ठा काढून घ्यायचा आणि लपत्या टाक्याने बसवायचं. फक्त रुबिया पातळ. डाळिंबीवर अबोली ठेवली तर खालचा डाळिंबी वर डोकावतो आणि अबोली आजारी दिसते. अल्बर्स यावर उपाय म्हणून पांढऱ्या बैठकीवर थेट ट्यूबमधला रंग लावायचा आणि एकाच्या अंगावर दुसरा चढू द्यायचा नाही. मी प्रत्येक ठिगळाखाली मऊ झालेल्या जुन्या धोतराचा तुकडा घातला. जुन्या धोतरासारखं पांढरं दुकानात मिळत नाही.

यातून एक गंमत झाली. रंगांचा खेळ असा, की राखी खोल जातो, भिंतीत कुणी कोनाडा कोरून आत दिवा मालवल्यासारखा. आणि हात लावला तर तोच चौकोन सगळ्यात वर. आमसुली, धोतर, डाळिंबी, धोतर, अबोली, धोतर आणि राखी, अशा सात थरांतला तो सातवा. डोळा म्हणतो खड्डा आणि बोट म्हणतं उंचवटा. चित्रात हे भांडण होत नाही, कारण चित्राला हात लावायला तिथला रखवालदार देत नाही.

टाके घालायची वेळ आली तेव्हा खरा पेच पडला. अल्बर्स मधून बाहेर रंगवत जायचा. बापाने शिकवलं होतं, दार रंगवताना मधून सुरुवात करावी, म्हणजे ओघळ आवरता येतात आणि बाह्या खराब होत नाहीत. अमेरिकेतली गोधडीची पुस्तकंही मधूनच सुरू करायला सांगतात, चुण्या बाहेर ढकलता याव्यात म्हणून. आपल्या गोधडीचा धावदोरा मात्र काठावरून निघतो आणि फेऱ्या घालत घालत पोटाशी येतो. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, साताऱ्याकडच्या, जन्मभर गोधड्या शिवलेल्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी तोंड बंद करावं, मग पोटाकडं जावं. न्हाय तर आतलं समदं पळतं." मला हे बापाच्या दारापेक्षा पटलं. चुण्या पडतात त्या पडू द्याव्यात. गोधडीचा अर्धा देखणेपणा त्या बारीक लाटांत असतो, आणि घोटून सपाट केलेली गोधडी मला तरी चादरीच्या वरची वाटत नाही.

पण काठापासून सारख्या अंतराच्या फेऱ्या घेत आत जावं तर खालच्या बाजूला पट्टी दोनच सेंटिमीटरची. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच दोरा डाळिंबीत घुसतो आणि वरच्या बाजूला अजून अर्धं आमसुली रान मोकळं. मग फेऱ्या सारख्या ठेवल्या आणि अंतर बदललं. प्रत्येक पट्टीत चार फेऱ्या. खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर, बाजूंना एकेक, वर दीड दीड. दोन, चार आणि सहा बरोबर भरले. कोपऱ्यात वळताना अंतर थोडं थोडं बदलत न्यावं लागतं, तिथे सुई मंदावते आणि अंगुस्तान घातलेलं बोटही दुखतं. पण फेऱ्या पुऱ्या होत आल्या तसा सगळा दोराच खाली झुकल्यासारखा दिसायला लागला. रंग न बघता नुसतं टाक्यांकडे बघितलं तरी अल्बर्स दिसत होता.

हे सगळं मी मावशींना मोठ्या उत्साहाने समजावून सांगायला गेले. प्रमाण, तोल, चौकोन खाली का सरकवले. त्यांनी गोधडी उलटसुलट केली, खालच्या दाट टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. "पायाकडं दाटच लागत्यात टाके. पाय रेटून रेटून पहिली तिथंच फाटती."

अल्बर्सवर बरंच लिहिलं गेलंय. त्यात हे कारण माझ्या वाचनात आलेलं नाही.

चित्रावरून गोधडी करणं म्हणजे थोरामोठ्यांची नक्कल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. १९११ साली पॅरिसमध्ये सोनिया दलोने नावाच्या चित्रकर्तीला मुलगा झाला. ती ओडेसाकडची, रशियात वाढलेली. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेली तशी तिने बाळासाठी तुकड्यातुकड्यांची एक पांघरूणवजा गोधडी शिवली. शिवून झाल्यावर तिला आणि तिच्या नवऱ्याला त्या तुकड्यांत नवी चित्रकला दिसली आणि दोघांनी मग कॅनव्हासवर तेच सुरू केलं. ती गोधडी आज पॅरिसच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा कोण कुणाची नक्कल करतंय, हे जरा जपूनच बोलावं.

आणखी गंमत १९७१ सालची. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन गोधड्या भिंतीवर टांगल्या. निवड करणाऱ्यांनी त्या ऊब किंवा टाके बघून घेतलेल्या नव्हत्या, अमूर्त चित्रासारख्या दिसतात का तेवढं बघून घेतल्या होत्या. शिवणाऱ्या बायकांची नावं बहुतेकींची कुणाला ठाऊक नव्हती. काही महिन्यांनी त्याच शहरात मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अल्बर्सचं मोठं प्रदर्शन लागलं. जिवंतपणी तिथे एकट्याचं प्रदर्शन लाभलेला तो पहिला चित्रकार. एकाच वर्षी, एकाच गावात, थोड्याशा अंतरावर दोन्ही. गोधडी चित्रासारखी दिसते म्हणून भिंतीवर चढली. चित्र गोधडीसारखं दिसतं म्हणून ते कुणी पलंगावर टाकल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आमच्या घरी ती टांगायची वेळ आली तेव्हा वरची बाजू कोणती यावर दोन मतं पडली. नवऱ्याचं म्हणणं, उलटी टांगली तर चौकोन उडाल्यासारखे वाटतात आणि ते जास्त आनंदी आहे. मी खालची बाजू खालीच ठेवली, पण त्याला मला फार बोलता आलं नाही, कारण याबाबतीत मोठमोठ्यांची पंचाईत झालेली आहे. मोंद्रियानचं १९४१ सालचं रंगीत चिकटपट्ट्यांचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात १९८० पासून टांगलेलं होतं. २०२२ साली तिथल्याच अभ्यासकांच्या ध्यानात आलं, की ते बहुधा उलटं आहे. आणि तरी सरळ केलं नाही. इतक्या वर्षांत पट्ट्या वाळल्यात, फिरवलं तर गळून पडतील म्हणून. गोधडीचं तसं नसतं. ती फिरवा, घडी घाला, धुवा, उन्हात टाका.

अल्बर्स प्रत्येक चित्राच्या पाठीमागे वापरलेल्या रंगांची यादी लिहून ठेवायचा, कुठल्या कंपनीची कुठली ट्यूब ते सगळं. मीही पाठीला एक पांढरा तुकडा शिवलाय आणि त्यावर लिहिलंय, आमसुली, डाळिंबी, अबोली, राखी, टू बाय टू रुबिया, आणि खाली कंसात, धोतर.

मावशी पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना मोबाइलवर अल्बर्सची चित्रं दाखवली. एकामागून एक, बरीचशी. पिवळी, तांबडी, हिरवी, करडी. त्या अंगठ्याने सरकवत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ह्यो बाबा जन्मभर एकच गोधडी शिवत बसला की!"

"रंग वेगळे आहेत ना, मावशी."

"ते दिसतंय मला." आणखी थोडं सरकवून त्या एका काळपट तपकिरी चित्रावर थांबल्या, चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला. "ही करू आपण. पर साडेसहा फुटी. आतनं दोन लुगडी घालू." मग मघाचं पिवळं चित्र पुन्हा शोधून काढलं आणि मला दाखवत म्हणाल्या, "ही नगं. दिसाया झ्याक हाय, पर दोन दिसांत मळती. ती पहिली बघ कशी मळखाऊ हाय."